व्हिटॅमिनच्या बाटलीतल्या गोळ्या

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला (वय 22) डिप्रेशनचं निदान झालंय. गोळ्या सुरू होऊन दहा दिवस झाले. आई स्वतःच्या बीपीच्या गोळ्या फ्रिजवर ठेवते, पण त्याच्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून कपाटात. विचारणाऱ्यांना 'अशक्तपणा आहे' म्हणून सांगते. बाबा म्हणतात, 'मन घट्ट कर, या गोळ्यांची सवय लागते.' त्याला मळमळतं, झोप नाही; तोही आता गोळ्या नको म्हणतोय. काय करू?

उत्तर : आधी गोळ्यांचं बोलू, कारण तिथे घाई आहे. या औषधांचा त्रास पहिल्याच आठवड्यात जाणवतो. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. म्हणजे दहाव्या दिवशी हाती येते ती नुसती मळमळ. नेमकं तेव्हाच घरातून 'सोड त्या गोळ्या' ऐकू आलं, की औषध बंद पडतं. मळमळ बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते, खाल्ल्यावर गोळी घेतली तर कमीही होते. झोपेसाठी गोळीची वेळ बदलता येईल का, ते डॉक्टरांना फोन करून विचारा. तगमग एकदम वाढली किंवा मरणाचे विचार बोलून दाखवले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी न्या. त्याच्या वयात सुरुवातीचे आठवडे जास्त जपावे लागतात. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारलंत तरी चालेल. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

बाबांची शंका रास्त आहे, उत्तरही सोपं आहे. या गोळ्यांची दारूसारखी तलफ लागत नाही. एकदम बंद केल्या तर गरगरतं, चिडचिड होते, डोक्यातून शॉक गेल्यासारखं वाटतं. लोक त्यालाच सवय समजतात. म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात, तेही बरं वाटू लागल्यावर साधारण सहा महिने औषध चालू ठेवून.

आता ती बाटली. पाकिटातून काढलेल्या गोळीचं नाव, ताकद, मुदत काहीच कळत नाही. किती चुकल्या ते मोजता येत नाही. आणि घरातलं कुणी व्हिटॅमिन समजून खाईल. पण मला जास्त सलतं ते वेगळंच : रोज ती बाटली उघडताना पोराला कळतं, की आपल्याला झालंय ते लपवण्यासारखं आहे. पाकीट आईच्या गोळ्यांशेजारी येऊ दे. मरणाचे विचार असतील, तर मात्र घरातल्या सगळ्याच गोळ्या मोठ्यांच्या ताब्यात ठेवा.

नातेवाइकांना सगळं सांगायची सक्ती नाही. कुणाला किती सांगायचं, हे भावाला विचारून ठरवा. 'त्याची तब्येत बरी नाही, उपचार चालू आहेत' एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे. घरात मात्र 'तुला काय कमी आहे?' हा प्रश्न बंद. 'आज कसं वाटतंय?' विचारून गप्प बसा, उत्तर यायला वेळ लागतो.

पुढच्या तपासणीला, भावाची हरकत नसेल तर, बाबांनाही सोबत न्या. सवयीचा प्रश्न त्यांनी स्वतः डॉक्टरांना विचारावा, भावासमोरच.