गोव्यातल्या डिचोलीची हिरॉईन, लोखंडावर जादूचा ताबा, वाचकाला पटेल अशी कशी लिहू?

आधी हे ठरव की तिचं फक्त धातूवर चालतं की संयुगातल्या लोहावर पण, कारण डिचोलीच्या खाणीतलं हेमटाईट म्हणजे लोह नि ऑक्सिजन, घरांचे चिरे लाल तेही लोहामुळेच, मग सगळंच तिचं ऐकायला लागलं तर बाई आख्खा गाव उचलेल आणि स्टोरीत टेन्शन काय उरणार? मी तरी फक्त धातूच देईन, म्हणजे मांडवी नदीतली मालवाहू बार्ज, सळ्या, कोयता, बस. गंजलेलं हाताबाहेर, त्यामुळे पावसाळ्यात तिचे वांधे.

आणि किंमत लावच. माणसाच्या अंगात लोह जेमतेम ३-४ ग्रॅम, त्यातलं बहुतेक रक्तात. पॉवर वापरली की हिमोग्लोबिन उतरतं, जिना चढताना धाप लागते, पापणी आतून फिकी पडते. व्हिलनला फायबरची होडी दे!