एमआरआयच्या फिल्मवर दीर दिसणार नाहीत

प्रश्न : आमच्या थोरल्या दिरांनी सासूबाईंचा अंगठा घेऊन द्राक्षबागेचं बक्षीसपत्र स्वतःच्या नावावर करून घेतलं. त्याच संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आले, पोळीवर दोनदा तूप मागून घेतलं आणि सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली! चेहऱ्यावर काही नाही. पुतण्या म्हणतो, अशा माणसांचा मेंदूच वेगळा असतो, एमआरआयमध्ये कळतं. करून घ्यावा का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, ते तूप माझ्याही डोक्यातून जाईना. पण एमआरआयचे पैसे वाचवा.

पुतण्याचं अगदीच चूक नाही. कानशिलाच्या आत, खोलवर, बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डला. समोरच्याचा घाबरलेला चेहरा ओळखायला, स्वतःला भीती वाटायला तो लागतो. २००९ साली अमेरिकेत सायकोपथीचे (दुसऱ्याच्या दुःखाचं किंवा स्वतःच्या अपराधाचं काहीच न वाटणारे) २७ जण आणि ३२ इतर माणसं यांचे एमआरआय ताडून पाहिले, तेव्हा पहिल्या गटात हा बदाम सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी लहान भरला. हा बदाम आणि कपाळामागचा मेंदू यांना जोडणारी तंतूंची वाटही अशा लोकांत कच्ची असल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे.

पण हा हिशेब गटाचा आहे. वऱ्हाडातली मंडळी कोकणातल्यांपेक्षा सरासरी एक इंच उंच निघाली असं समजा. म्हणून दारात उभ्या पाहुण्याची उंची मोजून त्याचं गाव सांगता येईल का? शिवाय बदाम लहान म्हणून माणूस असा झाला, की असा जगला म्हणून बदाम लहान राहिला, हे एका फोटोवरून ठरत नाही.

कॅलिफोर्नियातले मेंदूतज्ज्ञ जेम्स फॅलन यांची गोष्ट पुतण्याला जरूर सांगा. २००५ च्या सुमारास त्यांच्या टेबलावर खुन्यांचे पेट स्कॅन (मेंदूचा कुठला भाग किती काम करतो ते दाखवणारे) होते आणि अल्झायमरच्या अभ्यासासाठी काढलेले घरच्यांचेही. घरच्यांच्या गठ्ठ्यात एक स्कॅन थेट सायकोपथसारखा, कपाळामागे थंडगार. नाव काढून बघितलं तर त्यांचा स्वतःचाच! पूर्वजांत १६७३ साली आईच्या खुनासाठी फाशी गेलेला एक जण सापडला तो वेगळाच. फॅलन मात्र संसारी प्राध्यापक. कुणाचा खून नाही, तुरुंग नाही.

सायकोपथी ठरवतात ती कॅनडाच्या रॉबर्ट हेअर यांच्या यादीवरून. वीस मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. प्रशिक्षित माणूस लांबलचक मुलाखत घेतो, जुनी कागदपत्रं चाळतो. त्यात मशीन नाही, आणि भावजयीच्या रागावरून तर मुळीच ठरत नाही. मीही इथे बसून तुमच्या दिरांना तो शिक्का मारणार नाही. लोभी माणसाचा मेंदू पुष्कळदा चारचौघांसारखाच असतो.

माझ्याकडे एक बाई नवऱ्याची फिल्म पिवळ्या पाकिटातून घेऊन आल्या होत्या. रिपोर्ट नॉर्मल. नवऱ्याने तोच रिपोर्ट पुढे सगळ्या भावकीला दाखवला : 'बघा, डॉक्टरनं लिहून दिलंय, माझ्यात काही खोट नाही.' तुमच्याकडेही बहुतेक हेच होईल.

आणि 'ब्रेन मॅपिंग' (डोक्याला तारा लावून गुन्ह्याची आठवण तपासणं) कुणी सुचवलं तर ते वेगळं प्रकरण. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग माणसावर जबरदस्तीने करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलं आहे.

आता कामाचं. सातबारावर फेरफार मंजूर झाला आहे का ते आज तलाठ्याकडे बघा. नसेल तर लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. बक्षीसपत्र रद्द करायला दिवाणी दावा लागेल, वकील लवकर गाठा. सासूबाईंना कागद वाचून दाखवला होता का, त्या वेळी खोलीत कोण कोण होतं, हे त्यांच्याकडून आत्ताच, आठवणी ताज्या आहेत तोवर, लिहून घ्या. आणि गुडघ्याचं काय झालं तेही कळवा.