लिस्बनहून लंडन किती लांब?

प्रश्न : भाऊ लिस्बनला असतो. दिवाळीनंतर आई त्याच्याकडे जाणार आणि तिथून लंडनमार्गे बहिणीकडे स्विंडनला. लिस्बन–लंडन अंतर किती? इंटरनेटवर विमानाला दोन तास लागतात असे दिसते, तिकिटावर मात्र पावणेतीन. खरे कोणते?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे हवाई अंतर सुमारे १५६५ किलोमीटर, म्हणजे मोपा–दिल्लीपेक्षा थोडेसेच जास्त. दोन तास हा अंतर आणि वेग यांचा नुसता भागाकार आहे. एअरबस ३२० सारखे विमान उंचावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर जाते, पण चढताना आणि उतरताना तो वेग नसतो. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची. त्यात धावपट्टीपर्यंतची वाट, तिथली रांग आणि हीथ्रोवर गर्दी असली की आकाशात माराव्या लागणाऱ्या घिरट्या, सगळे आले. पावणेतीन तासच धरून चाला. दोन्ही शहरांचे घड्याळ एकच, त्यामुळे सकाळी दहाला सुटलेले विमान पाऊणच्या सुमारास पोचते. दिवाळीनंतर आपण दोघांच्याही साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार.

तिकीट काढताना नुसते ‘लंडन’ पाहू नका. स्विंडन हीथ्रोच्या पश्चिमेला, एम-४ महामार्गाजवळ आहे. स्टॅनस्टेड विमानतळ लंडनच्या पार दुसऱ्या अंगाला. तिथले तिकीट स्वस्त मिळाले तरी वाचलेले पैसे पुढच्या बसगाडीत जातात, आणि वयस्कर माणसाचे हाल होतात ते वेगळेच. लिस्बनलाही टर्मिनल बघून घ्या. स्वस्त कंपन्यांची विमाने बहुधा टर्मिनल २ वरून सुटतात आणि तिथे टर्मिनल १ वरून शटल बसने जावे लागते.

पण सगळ्यात जास्त अडते ते कागदपत्रांपाशी. आईंचा पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन व्हिसावर (पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा) ब्रिटनमध्ये प्रवेश नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. परतीचे विमान लिस्बनहूनच असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. एकाच प्रवेशाचा असला तर लंडनला गेल्यावर तो संपला, लिस्बनला पुन्हा आत घेणार नाहीत. अर्ज भरतानाच हे मागून घ्या. पासपोर्ट पोर्तुगीज असेल तर व्हिसा नको, पण एप्रिल २०२५ पासून ईटीए ही ऑनलाइन परवानगी आधी काढावी लागते. ती ज्या पासपोर्टवर काढली तोच जवळ हवा. नुसत्या पोर्तुगीज ओळखपत्रावर आता चालत नाही.

प्रश्न : लिस्बन–पॅरिस जाताना साडेतीन तास आणि येताना एक तास चाळीस मिनिटे, असे तिकिटावरच्या वेळांवरून दिसते. छपाईची चूक आहे का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : चूक नाही. तिकिटावर नेहमी त्या त्या शहराची स्थानिक वेळ असते, आणि पॅरिसचे घड्याळ लिस्बनच्या एक तास पुढे. जातानाच्या वेळेतून तास वजा करा, येतानाच्या वेळेत मिळवा : अडीच तास आणि दोन तास चाळीस मिनिटे. उरलेली दहा मिनिटे वाऱ्याची. विमान उडते त्या उंचीवर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून वाहतो, तो पॅरिसला जाताना ढकलतो आणि परतताना आडवा येतो. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्हीकडची घड्याळे एकदमच बदलतात, म्हणून हा एक तास वर्षभर कायम राहतो. पॅरिसहून पुढची रेल्वे धरायची असेल तर हिशेब पॅरिसच्या वेळेनेच करा.