गट चौघांचाच कर
अगं, शिकवण्याच्या पहिल्याच वर्षी गटप्रकल्पासाठी आठ-आठ मुलांचे गट करू नकोस. दोघं राबतात, बाकीचे नुसते बसतात. चौघं पुरेत.

ठाण्यातल्या माझ्या वर्गाला मी मासुंदा तलाव हा विषय दिला होता. एकाला पाणी, एकीला इतिहास, एकाला फोटो, एकीला काठावरच्या भेळवाल्यांच्या मुलाखती. मग आपापला भाग बाकीच्या तिघांना शिकवायचा. ही जिगसॉ पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत आणली.

लिखाण गूगल डॉक्सवर, एकाच फाइलमध्ये घे. व्हॉट्सअ‍ॅपवर 'फायनल', 'फायनल २' असा नुसता गोंधळ होतो. आणि गुण देण्याआधी त्या फाइलची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कोणी केव्हा काय बदललं त्याची नोंद, उघडच. वर्गात तोंडही न उघडणाऱ्या एका मुलीने रात्री ११ वाजता चौघांचं शुद्धलेखन सुधारलेलं मला तिथेच दिसलं.