दात घासायच्या ब्रशला टोपी घालावी का, आणि तो उकळून घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की संडास-बाथरूम एकत्र आहे म्हणून ब्रशला प्लॅस्टिकची टोपी घालून ठेवता, तरी त्याला कुबट वास येतो, तर तो उकळून घ्यावा का. उकळू नका. नायलॉनचे केस उकळत्या पाण्यात वाकडे होतात. वासाचं खरं कारण ती टोपीच आहे.

मी चिपळूणला दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. पावसाळ्यात आमच्याकडे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे टोपीत कोंडलेला ओला ब्रश कुठून वाळणार? ओल राहिली की जंतू वाढतात. दात घासून झाले की ब्रश वाहत्या नळाखाली धरा, अंगठ्याने केस मोकळे करत पेस्ट पूर्ण काढा, दोन झटके द्या आणि केस वर करून उभा ठेवा. ज्या ग्लासात ठेवता त्याचा तळही एकदा बघा. दांड्यांवरून ओघळलेलं पाणी तिथे साचून काळपट, बुळबुळीत थर धरतो. तो ग्लास धूत जा.

संडासाची काळजी बरोबर आहे. फ्लश केल्यावर बारीक तुषार उडतात. झाकण असेल तर ते लावून फ्लश करा. भारतीय पद्धतीच्या संडासाला झाकणच नसतं, त्यामुळे ब्रश बाहेरच्या बेसिनपाशी ठेवलेला उत्तम.

स्वतःच्या ब्रशवर मुख्यतः स्वतःच्याच तोंडातले जंतू असतात, धडधाकट माणसाने त्याची धास्ती घेऊ नये. कॅन्सरवरची केमोथेरपी चालू असेल तर मात्र प्रतिकारशक्ती कमी असते, डॉक्टरांना विचारा.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्याचा ब्रश वापरण्याची. "घरचाच तर आहे" म्हणून नवरा-बायको एकमेकांचा ब्रश सर्रास वापरतात, हे आम्ही दवाखान्यात नेहमी ऐकतो. हिरड्यांतून येणारं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही, आणि हेपॅटायटिस बी हा यकृताचा आजार रक्तातून पसरतो. दात किडवणारे जंतू लाळेतून जातात, म्हणून लहान मुलाचा ब्रश तर कोणीच वापरू नये. एका ग्लासात सगळ्यांचे ब्रश असतील तर केसाला केस लागू देऊ नका.

ब्रश तीन-चार महिन्यांनी बदला, केस फिसकारले तर आधीच. महिनाभरातच फिसकारत असतील तर तुम्ही फार जोर लावताय. सॉफ्ट ब्रश घ्या, हात हलका ठेवा.

टोपी प्रवासापुरती ठीक आहे. मुक्कामी पोचलात की लगेच काढा.