वार, तारीख, तिथी... पालकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एकच विषय परत परत दिसला, मुलांना घरी वार-तारीख-महिने कसे शिकवायचे. त्यातली चार पत्रं इथे घेतलीयत.

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. रविवार सोमवार मंगळवार एका दमात म्हणून दाखवतो पण आज कोणता वार विचारलं की मनाला येईल ते सांगतो. 'मी उद्या मामाकडे गेलो होतो' असं बोलतो. जाऊबाईंचा मुलगा याच्याच वयाचा, त्याला सगळं येतं. काही प्रॉब्लेम तर नसेल ना?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, आधी काळजी सोडा. साडेचार वर्षांच्या मुलाने काल आणि उद्याची अदलाबदल करणं अगदी नेहमीचं आहे, पुष्कळ मुलांचं पहिलीत जाईपर्यंत थोडंफार चालूच असतं, आणि जाऊबाईंच्या मुलाशी तुलना तर प्लीज नकोच. उलट त्याचं वाक्य परत एकदा वाचा. 'गेलो होतो' हे त्याने बरोबर म्हटलंय. म्हणजे ही गोष्ट होऊन गेलीय हे त्याला पक्कं कळतंय, फक्त तिथे बसवायचा शब्द सापडत नाहीये. अशा वेळी 'चूक, काल म्हण' असं करू नका. 'हो रे, काल गेलो होतो ना आपण मामाकडे, काय काय खाल्लं?' एवढंच म्हणायचं, बरोबर शब्द कानावर पडत राहिला की तो आपोआप उचलतो. परवाची घाई तर अजिबात करू नका, आपला परवा मागेही जातो आणि पुढेही, त्यामुळे मोठी मुलंसुद्धा त्यात अडकतात.

आता वारांचं. वार पाठ असणं वेगळं आणि वार कळणं वेगळं. सातही वार एकदम घेऊ नका, दोनच घ्या. शनिवारी सकाळची शाळा असेल तर शनिवार आणि सुट्टीचा रविवार. हे दोन बसले की रविवारनंतर डबा न्यायचा तो सोमवार, असं पुढे सरकायचं. प्रत्येक वाराला त्याच्या आयुष्यातलं काहीतरी चिकटलेलं हवं, म्हणजे पीटीचा ड्रेस, आठवडी बाजार, आजीचा गुरुवारचा उपास, बाबांची सुट्टी. ज्या वाराला घरात काहीच घडत नाही तो वार मुलांना सगळ्यात उशिरा कळतो. मग तिथे काहीतरी घडवा, बुधवारी रात्री डोसे असं ठरवून टाकलं तरी पुरे.

आणि एक वस्तू जरूर आणा, रोज पान फाडायचं तारखांचं छोटं कॅलेंडर, स्टेशनरीच्या दुकानात मिळतं. सकाळी दात घासून झाले की पान त्यानेच फाडायचं, तुम्ही नाही. फाडलेलं पान लगेच कचऱ्यात टाकू देऊ नका. ते शेजारी चिमट्याला लावून ठेवायचं, तो काल. गठ्ठ्यावर वरती दिसतोय तो आज, आणि त्या पानाचा कोपरा उचलून खाली डोकावलं की उद्या. दुसऱ्या दिवशी चिमट्यातलं जुनं पान काढून त्याला चित्र काढायला द्या. काल ही फाटलेली, हातात धरता येणारी गोष्ट झाली की पुढचं खूप सोपं जातं.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. शाळेच्या वर्कशीटमध्ये कॅलेंडरवरचे प्रश्न येतात, 'तिसरा मंगळवार किती तारखेला?' वगैरे. घरी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून शिकवतो, घरी तिला येतं आणि शाळेत चुकतं. कॅलेंडर शिकवायचं एखादं किट घ्यावं का?
– एक बाबा, पुणे

उत्तर : किट नको, पैसे वाचवा. तुमची मुलगी चुकत नाहीये, दोन कॅलेंडरांची मांडणी वेगळी आहे आणि हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. आपल्याकडच्या कालनिर्णयसारख्या कॅलेंडरात वार डावीकडे उभे छापलेले असतात आणि तारखा वरून खाली वाचायच्या. वर्कशीटमध्ये आणि मोबाईलमध्ये वार वरती आडवे असतात, तारखा डावीकडून उजवीकडे. घरच्या सवयीने ती वर्कशीटमध्येही खाली खाली वाचत गेली तर १, ८, १५ असं जाणार, मग गोंधळ होणारच. त्यात आपल्या कॅलेंडरात उरलेल्या तारखा पहिल्या रांगेच्या मोकळ्या घरांत वर नेऊन टाकतात. २०२६ चा ऑगस्ट बघा, १ तारीख शनिवारी येते, त्यामुळे ३० आणि ३१ ला खाली जागाच उरत नाही, त्या जातात १ च्या डोक्यावर. सात वर्षांच्या मुलीने '३० आधी कशी आली?' असं विचारणं हे हुशारीचंच लक्षण आहे.

दोन्ही कॅलेंडरं शेजारी ठेवा आणि एकच महिना घेऊन १ पासून शेवटपर्यंत बोट फिरवायला सांगा, आधी यात मग त्यात. नंतर एका कोऱ्या कागदावर तिलाच चौकटी आखू द्या, १ तारीख कुठल्या वारी आहे एवढंच तुम्ही सांगा, बाकी तिने भरायचं. हे दर महिन्याला केलं की सात मिळवले की तोच वार येतो हे ती स्वतःच शोधून काढेल, आणि तसं शोधलेलं विसरत नाही. ३० की ३१ ते मुठीच्या उंचवट्यांवरून, उंचवटा आला की ३१, खड्डा आला की कमी. जुलै शेवटच्या उंचवट्यावर संपतो आणि ऑगस्ट परत पहिल्या उंचवट्यापासून, म्हणून दोघांना ३१. फेब्रुवारीचे २८, पुढची २९ तारीख २०२८ ला.

पण मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हे, की मुलांना कॅलेंडरवर लिहू द्या! आपण त्यांना फक्त बघायला लावतो आणि पेन आपल्या हातात ठेवतो. दुधाचा हिशेब तिच्याकडे सोपवा. एक लिटर आलं, जादा अर्धा घेतला, आज दूध नाही, हे रोज त्या त्या चौकटीत तिने लिहायचं, महिनाअखेरीस तुम्ही दोघांनी मिळून बेरीज करायची आणि पैसे तिच्याच हाताने द्यायचे. कामवाल्या ताईंची सुट्टी, गॅस कधी लावला, तेही तिथेच. एखादी तारीख राहिली तर हिशेब जुळत नाही, मग ती स्वतःच दूधवाल्या काकांना विचारते. वर्कशीटमधल्या मंगळवाराचं तिला काही देणंघेणं नसतं, या मंगळवाराचं असतं.

प्रश्न : नातू आठ वर्षांचा. त्याला तिथी शिकवाव्यात अशी माझी फार इच्छा आहे पण तो विचारतो, गणपती दर वर्षी वेगळ्या तारखेला का येतात आणि संक्रांत का नाही? त्याला समजेल असं कसं सांगू?
– एक आजोबा, सातारा

उत्तर : आजोबा, इतका सुंदर प्रश्न विचारणारा नातू आहे, मग पाठांतरापासून सुरुवात करूच नका. त्याला गच्चीवर न्या. अमावस्येनंतर एक-दोन दिवसांनी सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बारीक कोर दिसते, तिथून रोज थोडा वेळ बघायचं आणि वहीत चंद्र काढून बाजूला तिथी लिहायची. पौर्णिमेपर्यंत गेलात की पंधरवडा म्हणजे काय ते सांगावं लागणार नाही. पौर्णिमेनंतर चंद्र रोज उशिरा उगवतो, संकष्टीला आजी चंद्रोदयासाठी का थांबते तेही त्याला तेव्हा कळेल. (भाद्रपदातल्या चतुर्थीला तुमच्याकडे चंद्र बघत नसतील तर हा प्रयोग दुसऱ्या महिन्यात करा.)

मग तारखेचं सांगा. संक्रांत सूर्यावर चालते म्हणून ती १४-१५ जानेवारीलाच राहते. गणपती चंद्रावर चालतात. चंद्राचे बारा महिने साधारण ३५४ दिवसांत संपतात, इंग्रजी वर्ष ३६५ चं, म्हणून सण दर वर्षी अकराएक दिवस आधी सरकतो. २०२४ ला गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, त्याला वजाबाकी करू द्या, बरोबर ११ येतात. असंच सरकत राहिलं तर गणपती ऐन उन्हाळ्यात येतील, म्हणून साधारण तीन वर्षांनी एक अधिक महिना घालतात. २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, त्यामुळे गणपती परत पुढे, १४ सप्टेंबरला. जुनी कॅलेंडरं माळ्यावर असतील तर काढा आणि तीन-चार वर्षांच्या तारखा त्यालाच शोधू द्या. चैत्र वैशाख ज्येष्ठ हे पाठ करणं त्यानंतर, तेव्हा तो आवडीने करेल.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. शाळेत मुलगी महिना आधी लिहिते, भारतातल्या आजीला पत्र पाठवताना आम्ही तारीख आधी लिहायला सांगतो. ३/४ म्हणजे काय यावरून रोज वाद.
– एक आई, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही पद्धती तिला येऊ द्या, त्यात वाईट काही नाही. फक्त घरी आणि आजीच्या पत्रात महिना आकड्यात लिहायचाच नाही, अक्षरात लिहायचा, ४ मार्च. आजीलाही तसंच लिहायला सांगा, म्हणजे मुलीला मराठीत महिन्यांची नावं वाचायची सवय लागेल. १२ च्या पुढची तारीख आली की कुठला आकडा महिन्याचा हे ती स्वतःच ओळखू शकते, कारण तेरावा महिना नसतो. हे तिला एकदा विचारून बघा, उत्तर तिच्याकडूनच येऊ द्या.