मुलगा फुटबॉलमध्ये मिडफिल्डला खेळतो, गोल मारत नाही. करिअर करायचं तर त्याला स्ट्रायकर करावं का?

तुम्ही लिहिलंय की पुतण्या 15 वर्षांचा आहे, सोलापुरात शाळेच्या फुटबॉल संघात मिडफिल्डला, म्हणजे मधल्या फळीत खेळतो, सर त्याला चांगला म्हणतात, पण त्याच्या नावावर गोल नाहीत. म्हणून त्याला स्ट्रायकर, म्हणजे गोल मारायला सगळ्यात पुढे खेळवावं का.

नका खेळवू. गोल नाहीत म्हणून तर मुळीच नको.

मिडफिल्डर सर्जिओ बुस्केट्स बार्सिलोना क्लबकडून 700 हून जास्त सामने खेळला आणि त्यात त्याचे गोल 18. पंधरा वर्षांत अठरा! 2010 चा वर्ल्ड कप जिंकणाऱ्या स्पेनच्या संघातही तो होता. आपल्याकडच्या निवड समितीसमोर हा माणूस उभा राहिला असता तर त्याला पाण्याच्या बाटल्या उचलायला ठेवलं असतं. मी हे उगाच बोलत नाही.

मी रेल्वे लाइन्सकडच्या पोरांत हाफला खेळायचो. आमच्या वेळी मिडफिल्डर वगैरे कोणी म्हणत नव्हतं. मैदान मुरमाचं. मुरमावर जमिनीवरून पास द्यायचा म्हणजे बॉल कुठे उडेल ते सिद्धेश्वर महाराजांनाच ठाऊक. त्यामुळे सगळ्यांचा खेळ एकच, मागून लांब हाणायचा आणि पुढच्याने पळायचं. बॉल हाफच्या डोक्यावरून जातो आणि येतो, तो बिचारा मान वर करून बघत बसतो. सोलापुरात चांगले हाफ कमी का, याचं माझ्या मते पहिलं कारण मैदान आहे, पोरं नाहीत. मी त्यातून एक शिकलो होतो. डोक्यावरून गेलेला बॉल कुणाच्या तरी अंगाला लागून खाली पडतोच. तो कुठे पडेल तिथे आधी जाऊन उभं राहायचं आणि मिळाला की एका टचमध्ये मोकळ्या पोराला द्यायचा. बघणाऱ्याला वाटतं, याला बॉल नशिबाने मिळाला.

जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी मे महिन्यात ठेवली होती. आयोजकांची नावं घेत नाही. सकाळी नऊलाच मैदान तापलेलं, निवड करणारे साहेब लिंबाखाली खुर्ची टाकून चहा घेत होते. पोरांचे दोन गट पाडले आणि वीसेक मिनिटांचा सामना लावला. कोणी कोणाला ओळखत नाही, सगळ्यांना आपापलं दाखवायचंय, त्यामुळे एकही पास नाही. ज्याला बॉल मिळेल तो डॉज मारत सुटतो आणि तिसऱ्या पोराजवळ घालवतो. हाफचं काम दुसऱ्यांवर अवलंबून असतं, म्हणजे चार हालचाली जुळल्या तर ते दिसतं. असल्या झुंबडीत ते दिसणार कसं?

माझ्याच गटात माझा आतेभाऊ होता, पुढे खेळायचा. त्याने दोन गोल मारले. दोन्ही वेळा बॉल मी हिसकावला होता आणि बचावाच्या मधून पुढे पास, म्हणजे थ्रू, मीच दिला होता. शिट्टी वाजली, साहेब खुर्चीतून उठले आणि विचारलं, "गोल कुणी कुणी मारले? हात वर करा." हात वर करणाऱ्यांची नावं वहीत गेली. निवड संपली.

संघ आंतरजिल्हा स्पर्धेला गेला तेव्हा त्यात पुढे खेळणारेच पोरं निम्मे, आणि मध्ये बॉल धरणारा कोणी नाही. पहिल्याच सामन्यात पडले आणि परत आले. त्यावर कोणी काही बोललं नाही. उलट आतेभाऊ आजही घरच्या प्रत्येक लग्नात सांगतो, "हा नुसता पासच देत होता, गोल मारला असता तर हाही गेला असता की बे!"

त्याच्यासाठी एक उदाहरण मी जपून ठेवलंय. 2003 मध्ये रेआल माद्रिद हा क्लब स्पेनची लीग जिंकून बसला होता. मधल्या फळीत बॉल हिसकावणारा क्लोद मेकेलेले होता. त्याने पगारवाढ मागितली, क्लबने ती नाकारली आणि त्याला इंग्लंडच्या चेल्सी क्लबला विकून टाकलं. त्याच उन्हाळ्यात बेकहॅम आला, पुढे ब्राझीलचा रोनाल्डो, राऊल, झिदान होतेच. पुढचे तीन हंगाम माद्रिदला लीग मिळाली नाही. चेल्सीने 2004-05 मध्ये अख्ख्या हंगामात, 38 सामन्यांत, फक्त 15 गोल खाल्ले आणि इंग्लंडची लीग जिंकली. यावर आतेभाऊ म्हणतो, ते युरोपचं झालं, आपल्याकडचं सांग. बरं, आपल्याकडचं. फिफाच्या वर्ल्ड कपात भारताचा पहिला गोल 9 ऑक्टोबर 2017 ला दिल्लीत झाला, 17 वर्षांखालच्या स्पर्धेत, कोलंबियाविरुद्ध. मारला जॅक्सन सिंगने. मिडफिल्डर! त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता, तो पुढे खेळायचा. म्हणजे पुढच्यांचं मला वावडं नाही.

आता तुमच्या कामाचं. आयएसएलमध्ये, म्हणजे आपल्या इंडियन सुपर लीगमध्ये, एका वेळी चार परदेशी खेळाडू मैदानात असतात, आणि बहुतेक क्लब त्यांना स्ट्रायकर, त्याच्या मागे राहून गोलच्या संधी तयार करणारा दहा नंबर आणि बचावाच्या मध्यावरचा सेंटर बॅक या जागांवर वापरतात. म्हणजे पुतण्याला स्ट्रायकर केलंत तर सगळ्यात कमी रिकाम्या जागेच्या रांगेत उभं केलंत. बचाव सांभाळणारा मिडफिल्डर, कडेने पुढे खेळणारा विंग, कडेने बचाव करणारा साइड बॅक, तिथे भारतीय पोरांना जागा मिळते. गोलच्या हव्यासापायी त्याला तिथून हलवू नका.

तो खरंच चांगला आहे का, हे तुम्हालाही कळू शकतं. पुढच्या सामन्यात दहा मिनिटं बॉल बघू नका, फक्त त्याची मान बघा. बॉल त्याच्याकडे यायच्या आधी तो दोन्ही खांद्यांवरून मागे बघतो का? बघत असेल तर पोरगं कामाचं आहे. बॉल मिळाल्यावर मग शोधत बसत असेल, तर ते आत्ता शिकवता येतं, विसाव्या वर्षी अवघड.

चाचण्यांच्या भरवशावर राहू नका. एखाद्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्ण सामन्याचं शूटिंग करा, अख्खं मैदान दिसेल असं. गोलांच्या तुकड्यांचा व्हिडिओ मिडफिल्डरच्या काही उपयोगाचा नाही. आणि पुण्या-मुंबईच्या अकादमीला पैसे भरण्याआधी एवढंच विचारा की तुमचा संघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या यूथ लीगमध्ये खेळतो का. नुसती जर्सी आणि फीची पावती देणाऱ्या अकादम्या भरपूर झाल्यात.

हेही सांगायला हवं की मी जिल्ह्याच्या पुढे कधी खेळलो नाही, त्यामुळे क्लबच्या आतलं मला ऐकून-वाचूनच माहीत आहे. आणि पैशाचं म्हणाल तर भरवसा नाही. 2025 मध्ये कराराच्या घोळात आयएसएलचा हंगामच अडकून पडला, मोठमोठे खेळाडू घरी बसले. तेव्हा बारावी सोडायची नाही. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्रं सांभाळा. आणि पोराला स्वतःलाच पुढे खेळायची हौस असेल, तर माझं सगळं सोडा, त्याला खेळू द्या.

सुब्रोतो चषक या शाळांच्या फुटबॉल स्पर्धेच्या फेऱ्या पावसाळ्याच्या तोंडाला सुरू होतात. जन्मदाखला आत्ताच क्रीडाशिक्षकांकडे देऊन ठेवा, ऐनवेळी वयाच्या कागदावरून पोरांची नावं उडतात.